आज डब्यात दिवे लागले

खेळातल्या छोट्या रेल्वेच्या नादी लागलेल्या मंडळींनो, आज माझ्या पहिल्या डब्यात दिवे लागले.

लातूरच्या या पाणीटंचाईत मी महिन्यापासून गल्लीबाहेर गेले नाही. टँकर कधी येईल याचा नेम नाही. नवरा नोकरीला नांदेडला, घरात मी आणि सासूबाई. वाट बघत बसायचं, म्हणून हा वीतभर डबा हातात घेतला.

दुपारी छताला आतून एलईडीची पट्टी चिकटवली, रुळातली वीज घ्यायला चाकांपासून तारा वर नेल्या. गाडी पळाली की दिवे लुकलुकायचे. वीज साठवणारा एक छोटा कपॅसिटर जोडला, तेव्हा उजेड स्थिर झाला. खोलीची खिडकी लावून घेतली, तर डब्यात बसवलेली इवलीशी माणसं दिसायला लागली.

सासूबाई गुडघे धरत शेजारी बसल्या. "ह्या बाया कुठं चालल्यात गं?"

"कुठंच नाही, आत्या. रूळ गोल आहेत."

मग त्या म्हणाल्या, "तुझी आई आजारी हाय म्हणं. मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय करू? टँकर आला तर पाणी कोण भरंल?"

"उद्या उमरीला आईकडं जा. पाण्याचं मी बघते."

मी पिशवी भरली आहे. पण त्यांना भरलेली घागर उचलत नाही, आणि गल्लीत जो तो आपल्याच पाण्यामागं. त्या मात्र आत माझ्यासाठी वाटेत खायला दशम्या थापायला लागल्यात.

माझ्या जागी तुम्ही असता, तर गेला असता का?