अर्धलीची शेळी

जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. ईट गावच्या बिरूची चांदी त्यातलीच; काळी, कानांवर पांढरे ठिपके, दर वेताला तीन करडं. हा वाण त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, माहेराहून आणलेला. ती वारली, मागोमाग साथीत कळप गेला. उरली एकटी चांदी.

कोणत्या करडाला पुढं तिळं होतील, हे त्याच्या रक्तावरून जन्मतःच सांगणारी स्वस्त चाचणी वर्षाराणी नावाची संशोधक शोधत होती. ती मूळची तेरची. संशोधन केंद्रासाठी तिनं चांदी मागितली.

"मामा, तिथं डॉक्टर आहे, साथीची भीती नाही. करडं झाली की एक मादी तुमची."

"म्हंजी अर्धलीनं," बिरू म्हणाला आणि दावं तिच्या हातात दिलं.

त्याच्या लेखी करार तिथंच संपला. एकानं शेळी द्यायची, दुसऱ्यानं सांभाळायची, करडं वाटून घ्यायची. शेळी मेलीच तर सांभाळणाऱ्यानं तिचा कान आणून दाखवायचा, म्हणजे परस्पर विकली नाही हे कळतं.

चाचणी जमत आली, चांदी अजून गाभण राहायची होती, आणि ज्या जनुकावर ती उभी होती त्याच्या हक्कावरून केंद्र आणि पैसे पुरवणारी कंपनी यांच्यात भांडण लागलं. निकालापर्यंत सर्व जैविक साहित्य जैसे थे ठेवावं, असा आदेश आला. चांदीही साहित्यातच मोडली. तिला करडं झाली असती तर तीही वादग्रस्त ठरली असती, म्हणून बोकड बंद. ती माजावर येऊन ओरडायला लागली की कचेरीतले लोक खिडक्या लावून घेत. चाचणीचं काम थांबलं. वर्षाराणीला भांडारातल्या नोंदींवर बसवलं.

बिरू सवड मिळेल तसा सुबाभळीचा पाला घेऊन जायचा.

"म्याडम, एकडाव बोकड दावा की. त्या जनुकाचं तुमी बघा, मला एक मादी द्या."

"माझ्या हातात नाही हो मामा."

"बोकडाच्या हातात तरी ठिवा."

ती हसली नाही.

वर्षं गेली. चांदी म्हातारी झाली आणि एका सकाळी उठलीच नाही. वर्षाराणीनं स्वतः फोन केला. बिरू गेला तेव्हा चांदी शीतपेटीत होती, पेटीला मोहोर.

"कान द्या," तो म्हणाला.

"देता येत नाही. कानात जनुकं असतात."

"जनुकं ठिवून घ्या. मोकळा कान द्या."

वर्षाराणीच्या आजोबांच्या शेळ्याही अर्धलीवरच असायच्या. तिनं मान खाली घातली, मग साहेबांकडं जाऊन विचारून आली. जे येणार होतं तेच उत्तर आलं.

गावात शेजारच्या गुंडाप्पानं विचारलं, "चांदी गेली म्हणं?"

"कान न्हाय दिला."

"आरं, कान मालकाला दावायचा असतो. मालक तूच. तू तर सोता जाऊन आलास."

"म्या कुठला मालक," बिरू म्हणाला. "धुरपताची व्हती ती. माझ्याकडं अर्धलीनं व्हती."

शेताच्या कडेला धुरपताबाईच्या समाधीचा दगड आहे. बिरू घरी जाताना रोज त्या वाटेनं जायचा. त्या दिवशी तो लांबच्या वाटेनं गेला.