किटलीला चिकटलेली अडणी

जानेवारी १९५७, सोमवार, सकाळचे दहा. अंधेरीचं आमचं महिला उद्योग केंद्र. हजर : केंद्राची व्यवस्थापिका मी; सुतारकाम शिकवणारे, मूळचे मालवणचे तातू मेस्त्री; शिवणकामातून सुतारकामात आलेली शेवंता; आणि जवळच्या स्टुडिओच्या कँटीनचे मॅनेजर प्रभू. प्रभूंनी येताना उकळत्या चहाची किटली आणली होती.

"दहा मिनिटं ठेवतो," ते म्हणाले आणि किटली आमच्या नमुन्यावर ठेवली.

नमुना होता अडणीचा, म्हणजे गरम भांड्याखाली ठेवायच्या लाकडी जाळीचा. कँटीनच्या नव्या टेबलांवर किटल्यांचे पांढरे डाग पडत होते. प्रभूंना दोन डझन अडण्या हव्या होत्या. आणि आम्हाला ही ऑर्डर हवी होती, कारण जाळीकरवतीचं मशीन कमिटीने एका महिन्याच्या बोलीवर आणलं होतं. काम मिळालं तर मशीन राहणार, नाहीतर परत. महिना शनिवारी संपत होता.

या करवतीचं पातं सुतळीपेक्षा बारीक. पायाने पॅडल मारलं की ते वरखाली चालतं आणि नक्षीच्या वळणावर वळतं. शिलाईमशीनवर पाय बसलेल्या शेवंताला ते दोन दिवसांत जमलं.

लाकूड मी यादी करून निवडलं होतं. चहाच्या पेटीचं प्लाय फुकट मिळत होतं, पण वाफेने त्याचे थर सुटले. खोक्यांचा देवदार कापायला लोण्यासारखा, पण गरम तपेलं ठेवताच त्यातून चिकट राळ आली. शिसवी देखणी, पण तिने सकाळभरात तीन पाती मोडली. राहिला साग. जोगेश्वरीच्या वखारीतून अर्धा इंच जाडीचे जुने, वाळलेले तुकडे आणले. लाकडाच्या रेषेला आडवी गेलेली पाकळी मोडते, म्हणून नक्षीतल्या पाकळ्या जाड केल्या. उकळत्या आमटीचं पातेलं अर्धा तास ठेवून पाहिलं. काही झालं नाही. मी सागापुढे बरोबरची खूण केली.

दहा मिनिटं झाली. प्रभूंनी किटली उचलली. अडणीही वर आली.

त्यांनी किटली हलवली. अडणी लोंबकळत राहिली.

"बाई, ही आमची किटली सोडायला तयार नाही."

"जोडा जमला म्हणायचा," शेवंता पुटपुटली. मी तिच्याकडे पाहिलं, तशी ती पॅडलला तेल घालू लागली.

मी मेस्त्रींकडे वळले. "तातू, हिला काय लावलंत?"

"पॉलिश. लाखेचा. दोन हात मारलंय." त्यांना त्यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं. "उघडा लाकूड गिरायकाक कोण दाखवता? हळद नाय लावलेली नवरी मांडवात बसता काय?"

लाख उष्णतेने मऊ होते. लाखेची मोहोर असलेल्या पाकिटावर गरम इस्त्री ठेवून पाहा. खुर्ची-कपाटांना ते पॉलिश उत्तम, पण त्यांच्यावर कुणी किटली ठेवत नाही. दोष मेस्त्रींचा एकट्याचा नव्हता. माझ्या यादीत शेवटचा मुद्दा 'पॉलिश' असाच होता. प्रत्येक वस्तूच्या यादीत असतो तसाच. मी परीक्षा कोऱ्या लाकडाची घेतली आणि पॉलिश नंतर करवलं.

"एक तास द्या," मी प्रभूंना म्हटलं.

"किटली तुमच्याकडेच अडकली आहे. जाणार कुठे?"

मेस्त्रींनी मधून पातळ पातं फिरवून अडणी सोडवली, स्पिरिटने पॉलिश उतरवलं, पॉलिशपेपर मारला. तोंडाने बडबडत होते, पण हात झरझर चालला होता. शेवंताने स्टोव्हवर किटली पुन्हा उकळवली. पुन्हा दहा मिनिटं. या वेळी प्रभूंनी ती दोन बोटांनी उचलली. अडणी जागची हलली नाही. त्यांनी खालच्या टेबलावरून हात फिरवला.

"टेबल गार आहे. दोन डझन. पण कोऱ्या."

"उघड्याच नवऱ्या न्या मगे," मेस्त्री म्हणाले.

मशीन राहिलं. तेव्हापासून वस्तू ज्या स्थितीत गिऱ्हाइकाच्या हाती जाणार, त्याच स्थितीत तिची परीक्षा घ्यायची, हा मुद्दा मी प्रत्येक यादीत सर्वांत वर लिहिते.

त्या दिवसाच्या कामांची यादी अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एकच ओळ खुणेवाचून राहिली आहे : प्रभूंच्या किटलीचं बूड स्पिरिटने पुसून देणे.