शेवटची ओळ

रत्नागिरीहून देवरूखला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन आदळलाच. "जिंकलो बघा!" ओळख ना पाळख, थेट मलाच म्हणाला. त्याची बोटं पुढच्या सीटच्या दांड्यावर ढोलकीचा ठेका धरून होती.

तो जाखडीचा, म्हणजे कोकणातल्या फेर धरून नाचायच्या गाण्यांचा, शाहीर. त्याचं गाणं एका म्युझिक कंपनीनं न विचारता उचललं होतं. जाखडीत शेवटच्या ओळीत गुरूचं नाव गुंफतात. कंपनीनं नेमकी तीच ओळ कापली होती. आज कोर्टात तडजोड झाली.

"त्यांचा वकील बोलला, पैसे वाढवून देतो, ओळीचा हट्ट सोडा. मी बोललो, पैशाचं तुम्ही ठरवा, ओळीचं मी ठरवणार!"

आता करारातच आलं होतं, की गाणं वाजेल ते शेवटच्या ओळीसकट.

हातखंब्याचा फाटा यायच्या आधीच त्यानं ते खड्या आवाजात गाऊन दाखवलं. कंडक्टरही तिकिटं थांबवून ऐकत उभा. गुरूचं नाव आलं तसा शाहिराचा हात कानाच्या पाळीला गेला.

"आणि यात तुमचं नाव कुठाय?" मी विचारलं.

"माझं? ते माझे चेले घालतील, त्यांच्या गाण्यात!"

मी काही त्याचा चेला नाही. म्हणून इथं त्याचं नाव लिहीत नाही.