गोल कोपऱ्यांची यादी

वेबसाइटवरची साधी यादी फार गावंढळ दिसते, असं जळगावातल्या आमच्या कंपनीत सगळ्यांचं ठाम मत होतं. ब्राउझर स्वतःची यादी फुकट देतो, टिचकी मारली की खाली उघडणारी. ती म्हणे सरकारी कचेरीसारखी वाटते. गिऱ्हाइकाला गोल कोपरे हवे होते आणि केळीच्या पानाचा हिरवा रंग. म्हणून मी रंगीत चौकोन एकाखाली एक रचले आणि यादीचं सोंग उभं केलं. दिसायला देखणं. गिऱ्हाईक खूश, साहेब खूश, आणि माझी कॉलर ताठ.

गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षणसंस्था. जळगाव-धुळ्यात तिच्या शाळा, आणि बदली हवी असलेल्या शिक्षकांनी अर्ज भरताना पसंतीच्या क्रमानं गावं त्या यादीतून निवडायची. त्याच संस्थेत माझी मोठी बहीण, अक्का, संगीत शिकवते. अक्काला दिसत नाही. तिचा लॅपटॉप तिला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. ब्राउझरची साधी यादी आली की तो शहाण्यासारखा सांगतो, "यादी, पहिलं गाव चोपडा." माझ्या देखण्या यादीपाशी मात्र त्याची दातखीळ बसायची. त्याच्या लेखी तिथे यादी नव्हतीच.

गंमत अशी, की मी तेव्हा वेबचे नियम ठरवणाऱ्यांतलाच एक होतो. हे नियम उघड्यावर ठरतात. कोणीही यावं, मत द्यावं. तशा एका गटाच्या ऑनलाइन बैठकीला मी दर आठवड्याला संध्याकाळी, आवाज नको म्हणून पंखा बंद करून, घाम गाळत बसायचो. विषय नेमका हाच: ब्राउझरच्या यादीलाच हवा तो रंगढंग देता यावा, म्हणजे असली सोंगं कोणी रचणार नाही. सगळ्यांचं एकमत होतं. आमच्याकडे एकमत झाल्यावरच खरी चर्चा सुरू व्हायची. त्या यादीला नाव काय द्यावं यावर एवढा खल झाला, की नाव ठेवलं, बदललं, पुन्हा बदललं, आणि अखेर जुनंच बरं असं ठरलं. बारशाला आत्यासुद्धा एवढा वेळ लावत नाही. एकदा मी तिथे अक्काचा दाखला देऊन न दिसणाऱ्या माणसाच्या स्वातंत्र्यावर असं काही बोललो, की तीन खंडांतून अंगठे वर आले. आपण कोणीतरी आहोत असं दोन दिवस वाटत राहिलं.

मग अक्काच्या बदलीची वेळ आली. तिला पिंपळनेर हवं होतं. शाळेच्या आवारातच खोली मिळणार होती, खोलीतून वर्गात कोणाचा हात न धरता जाता येणार होतं. मागच्या खेपेला तिचा अर्ज थोरल्या भावानं भरला आणि तिच्या भल्यासाठी म्हणून घराजवळचं जळगाव लिहून तो मोकळा झाला. या खेपेला तिला स्वतः भरायचा होता. सकाळभर ती माझ्या यादीशी झगडली. मी साहेबांना फोन केला. दुरुस्ती तासाभराची होती, पण त्यासाठी संस्थेचं पत्र हवं, पत्राला समितीची बैठक हवी, आणि मुदत त्याच दिवशी संपत होती.

"राहू दे अक्का, मी भरून देतो," मी म्हणालो.

तिनं पासवर्ड सांगितला. सांगताना तिचा आवाज पडला होता. मी यादी उघडली, पिंपळनेरवर बाण नेला आणि थांबलो. तिथे ही एकटी. आजारी पडली तर कोण बघणार? आई काय म्हणेल? धावपळ आमचीच होणार. मी पहिला पर्याय जळगाव टाकला, दुसरा पिंपळनेर. दुसरा म्हणजे काही नकार नव्हे, अशी स्वतःची समजूतही घातली. स्वातंत्र्यावरचं ते भाषण मला तोंडपाठ होतं, पण त्या घटकेला त्यातला एक शब्द आठवला नाही.

"झाया का रे अर्ज?" अक्कानं विचारलं.

"झाला. पाठवू?"

"थांब जराखा." तिनं शेजारच्या काकूंना हाक मारली आणि पडद्यावर काय आहे ते वाचायला सांगितलं. काकूंनी चष्मा लावला. "पहिला पर्याय जळगाव. दुसरा पिंपळनेर."

मी "चुकून झालं" असं काहीतरी पुटपुटलो. अक्का चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "तुम्ही बठ्ठा मना भलाना इचार करतस. तेन्हंच भ्याव वाटस माले."

आम्ही सगळे तिच्या भल्याचा विचार करतो, आणि तिला भय त्याचंच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जळगाव काढून टाकलं आणि पिंपळनेर वर घेतलं.

"घेतलं वर," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, आणि काकूंना पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.