मामांचं अंथरूण

अंथरूण कुणाच्या मालकीचं नसतं, असं मामांचं ठाम मत होतं. चाकणजवळच्या आमच्या भाड्याच्या खोलीत माणसं जास्त आणि गाद्या कमी. एक कामावर गेला की रातपाळीवाला त्याच्याच गादीवर पडायचा. म्हणून डोळे उघडले की आधी अंथरूण गुंडाळायचं, मग तोंड धुवायचं. कुणी लोळत राहिला की मामा दारातूनच म्हणायचे, "ऊठ बाबा, तुझी शिफ्ट सुटली." परभणीकडचे हे मामा नात्याने आमच्यापैकी कुणाचेच नव्हते, पण खोलीत सर्वांत जुने तेच.

माझ्या पहिल्याच सकाळी त्यांनी अंगावरची चादर ओढून घेतली होती. राग आला खरा, पण त्याच हाताने त्यांनी चहाचा कप पुढे केला. मी कप घेतला आणि अंथरूण गुंडाळलं.

गेल्या वर्षी त्यांच्या मणक्याचं दुखणं पायांत उतरलं आणि पायांतला जीवच गेला. डॉक्टर म्हणाले, "आता हे बेडरिडन."

"म्हंजे काय रे?" मामांनी परतताना रिक्षात विचारलं.

मी मोबाइलवर शोधलं. मूळ अर्थ निघाला, बिछान्यावर स्वार झालेला. मामा हसले. "स्वार? मग घोडं हालत का न्हाई?"

आपल्याकडे अंथरुणाला खिळला म्हणतात, खिळा ठोकल्यासारखा, असं मी सांगितलं. मामांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "हे बरोबर हाय," म्हणाले. "खिळा आपला आपण निघत नस्तो."

तीन पाळ्यांमुळे खोलीत कुणी ना कुणी असायचंच. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं, अंग पुसलं, कुणी आळंदीहून आणलेलं तेल पायांना चोळलं. पाय मात्र जिथे ठेवू तिथेच राहायचे. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं. मामांची इच्छा एकच होती, एकदा स्वतः उठून ती गादी गुंडाळायची. रातपाळी करून आलेला गणेश, आमच्यातला सर्वांत नवा, फरशीवर चादर टाकून झोपला की ते तोंड फिरवायचे. "लेकराची जागा अडवलीय मी," म्हणायचे. आम्ही समजूत घालायचो, आणि ती फोल आहे हे त्यांनाही कळायचं.

पाठीला जखमा झाल्या तेव्हा आम्ही हात टेकले. मामांची बायको कधीच वारली होती. गावाकडच्या पुतण्याला बोलावलं. तो जीप घेऊन आला.

आम्ही मामांना चादरीसकट उचललं, तेवढ्यात त्यांनी दारात थांबवलं. "आधी ते गुंडाळ," मला म्हणाले.

"मामा, गादी सोबत घेऊन जा ना. गाडीत लागेल."

"खोलीची हाय ती. गुंडाळ."

माझ्या हातातलं चादरीचं टोक दुसऱ्याच्या हाती देऊन मी गादी गुंडाळली आणि भिंतीला उभी केली. ते शेवटपर्यंत बघत होते.

"चला," म्हणाले, "माझी शिफ्ट सुटली."

दुसऱ्या सकाळी गणेश रातपाळी करून आला. भिंतीशी उभ्या गादीकडे त्याने एकदा पाहिलं आणि फरशीवर चादर टाकून झोपला.