गढीच्या मानाचा झोका

केवळाबाईंना त्या नागपंचमीला माहेरी धाडलं नव्हतं. एकेचाळीस-बेचाळीसचं साल असावं. चाकूरकडच्या आमच्या सासरगावात, देशमुखांच्या गढीवर तहसीलदारांचा मुक्काम पडला होता, आणि त्यांच्या लवाजम्याला पाणी भरायची वेठ केवळाबाईंच्या घराकडं होती. वेठ म्हणजे राबायचं आणि मजुरी विचारायची नाही. नवी सून, वय सोळा-सतरा. त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं, की माहेर नाही तर नाही, चिंचेच्या झोक्यावरून निदान माळापलीकडच्या माहेरच्या देवळाचं शिखर तरी बघायचं.

अडचण होती उजेडाची. निजामाच्या राज्यात झोक्यालाही उतरंड होती. हैदराबादेत हुजूर, खाली तालुकदार, तहसीलदार, त्यांच्या खाली देशमुख. यांतल्या कुणालाच गावानं नेमलं नव्हतं, त्यामुळं कुणाला काही विचारायची सोयही नव्हती. चिंचेखाली तोच क्रम पुढं चालायचा. आधी कुलकर्ण्यांच्या लेकीसुना, मग मोठ्या जमिनीवाल्यांच्या, मग दुकानदारांच्या. वेठीच्या बायकांची पाळी येईतो दिवे लागलेले. अंधारात शिखर दिसणार कसं?

आणि या सगळ्यांच्याही आधी मान गढीचा. पण गढीतल्या बायका गोशात, बाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. म्हणून गढीचे कारभारी झोक्याचा रिकामा पाटच झुलवायचे. नव्या बांगड्या भरून, मेंदीचे हात घेऊन अख्खं गाव गप्प उभं राहून तो रिकामा पाट बघायचं. दरसाल, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

त्या साली कारभारी हणमंतरावांनी पाट जरा जोरात ढकलला. तो गिरकी घेऊन परत आला आणि थेट त्यांच्या कपाळावर बसला. टेंगूळ आलं. बायकांनी पदरात तोंडं खुपसली. हणमंतरावांनी हुकूम सोडला, पाटाला वजन पाहिजे, गढीतनं ज्वारीचं अर्धं पोतं आणा.

केवळाबाई घागर उतरवून पुढं झाल्या.

"पोतं फुटलं तर दाणं मातीत जातील, कारभारी. मलाच बसवा की."

"तुला? गढीच्या मानावर?"

"पोतं गढीचं, तशी मीबी गढीचीच. फुकटात राबते न्हवं?"

हणमंतराव पेचात पडले. नाही म्हणावं, तर ती गढीची नाही, म्हणजे तिच्यावर वेठच नाही म्हटल्यासारखं होत होतं. बस, म्हणाले, पण पोत्यासारखी गप्प बस.

ते त्यांना दोन हेलकावे जमलं. मग त्या पाटावर उभ्या राहिल्या आणि गुडघे मोडमोडून झोका चढवू लागल्या. फांदी करकरली, पदर उडाला. आजही हे सांगताना केवळाबाई दोन्ही मुठींत हवेतला दोर धरतात. खालून कारभारी थांब थांब म्हणत होते. वरून उत्तर आलं, की मानाचा झोका मधीच थांबवला तर गढीचा अपमान हुईल, तुमीच बघा. आणखी एक हेलकावा, आणि माळाच्या कडेवर चुन्याचं पांढरं शिखर वर आलं, बुडालं, पुन्हा वर आलं.

"हाय," केवळाबाई वरून ओरडल्या, "जागच्या जागी हाय."

त्या उतरल्या तोवर रांग मोडली होती. तेलाच्या दुकानाच्या नीलम्मा पाट धरून उभ्या. "गढीचा दिवा माझ्या तेलावर जळतो. आजवर पैसा न्हाई दिला. मग मीबी गढीचीच की."

कुंभारणीनं फुकटची गाडगी काढली, चांभारणीनं जोडे, कोष्टिणीनं सतरंज्या. गढीला काय काय फुकट जातं, हे गावानं पहिल्यांदाच एका जागी ऐकलं, तेही हसून हसून बरगड्या दुखेपर्यंत. हणमंतरावांना एकीलाही खोटी म्हणता येईना. टेंगूळ चोळत ते एकेकीला बसवत गेले.

अडकल्या त्या कुलकर्ण्यांच्या सुना. त्यांच्या घरून गढीला फुकट काहीच जात नव्हतं. त्यांची पाळी आली कंदिलाच्या उजेडात. धाकटी कुसुम मुळातच हसरी. तिनं पाट धरला, वर बघितलं, आणि एवढ्या अंधारात एकटीला भीती वाटते, जोडीला कुणीतरी या, म्हणाली.

जावा एकमेकींकडं बघत राहिल्या. तोवर केवळाबाई तिच्यासमोर पाटावर चढून उभ्याही राहिल्या होत्या.