वैजापूरच्या ओसरीवर: पन्नाशीपुढची एक मुलाखत

गारखेड्यातील आमच्या देवळाचे सभागृह रंगकामासाठी बंद झाले आणि माझे रोजचे दुपारचे पुराणवाचन अकस्मात थांबले. वक्त्याला श्रोते नसणे ही अवस्था निर्जळी उपवासापेक्षा कठीण असते. दोन दिवस मी कसेबसे काढले. तिसऱ्या सकाळी दूध घालायला आलेल्या गृहस्थांना मी उंबऱ्यात उभे करून व्रतमाहात्म्य सांगू लागले, तेव्हा माझी भाची शलाका आतून म्हणाली, “मावशी, तू माझ्याबरोबर दौऱ्यावर चल. नाहीतर आपल्याला दूधवाला बदलावा लागेल.”

शलाका माझ्याकडेच राहते. स्त्रिया आणि बालके कशी जगतात, काय खातात, आजारपणात कुठे जातात, याची जी देशव्यापी घरोघर पाहणी चालते, तिच्या आमच्या जिल्ह्यातील कामाचा मेळ घालणे ही तिची नोकरी. कोणती तुकडी कोणत्या गावी जाणार, कुणाच्या वजनकाट्याची बॅटरी संपली, कुठे सरपंच रुसले, हे सारे तिच्या फोनवर दिवसभर वाजत असते; अडलेल्या घरी टॅबवर मुलाखत घ्यायला ती स्वतःही जाते. मला नेण्यापूर्वी तिने वरिष्ठांना विचारले आणि अट सांगितली: गाडीत जागा आहे, पण मुलाखत चालू असलेल्या खोलीत पाऊल टाकायचे नाही, कानही टाकायचा नाही. मी मान्य केले. पडशीत शाल, तुळशीमाळ, धूतवस्त्र आणि शेंगदाण्याचे लाडू घेतले आणि आम्ही निघालो.

पहिला मुक्काम जवळचाच, चितेगाव. पैठणच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की सकाळी कारखान्यांच्या पाळ्या बदलताना तेथे ट्रक आणि दुचाक्या यांची जी सरमिसळ होते, ती पाहताना नामस्मरण आपोआप घडते. आमचे चालक रशीदभाई मात्र एका हाताने चाक आणि दुसऱ्याने पेरू सांभाळत निर्विकार होते. पौषातल्या थंडीसाठी शाल हवीच, आणि दहानंतर ती ठेवायला पिशवीही हवी.

येथे मला पाहणीचा मूळ नियम समजला. घरे सोडतीने निघतात. निघालेले घर बंद असो, भांडखोर असो, त्याच्याऐवजी शेजारचे घेता येत नाही. हे शेजारणींना पटवणे हेच अर्धे काम. एक बाई पदर खोचून आमच्या मागे चालत होत्या. “त्यांच्याकडं काय जाता? आमच्याकडं या की. आमची सून फाडफाड बोलती, चहा बी दुधाचा करती.” शलाकाने हात जोडले. बाई म्हणाल्या, “मग सोडतीत आमचं नाव कुणी टाकलं नाय, त्याचं नाव सांगा.”

दुसरा नियम अधिक नाजूक. घरातल्या बाईला काही प्रश्न एकटीलाच विचारायचे. कुणी ऐकू येईल अशा अंतरावर असेल तर ते प्रश्न विचारायचेच नाहीत. घर तेवढे मोठे नसते आणि सासूबाई तेवढ्या लांब नसतात. चितेगावात एका मुस्लिम कुटुंबाच्या दारी मी गाडीतच बसले होते, तर तिथल्या वृद्ध नानी बाहेर आल्या. “तुम भी सर्वेवाले हैं क्या, आपा?”

“नाही हो. मी नुसती बरोबर आलेली.”

“तो गाडी में क्या रक्खा है? उतरो. माझ्या सुनेची काय परीक्षा चाललीय कुणास ठाऊक, आपण लोणचं बघू.”

त्यांनी मला मागच्या अंगणात नेले आणि लिंबाच्या लोणच्यात गूळ कधी घालावा यावर आमचे जे सविस्तर चर्चासत्र झाले, तेवढ्यात आतली मुलाखत निर्विघ्न पार पडली. परतताना शलाका खूष होती. “मावशी, तुझा तर मला उपयोग आहे.” या वाक्याने माझ्या डोक्यात वारे शिरले, हे पुढे कळेलच.

दुसऱ्या दिवशी पहाटे लासूर स्टेशनच्या मार्गाने वैजापूर. रस्ता बरा आहे, दोन्हीकडे कापसाची वेचणी संपत आलेली, कांद्याची रोपे ओळीने उभी. मार्केट यार्डाबाहेर कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तिच्यात अडकलात तर चिडू नये. समोरच्या टपरीवर दहा रुपयांत आल्याचा उत्तम चहा मिळतो. तहसीलजवळच्या एका खानावळीत सव्वाशेत बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि मागेल तितके ताक. कांदा-लसूण नको म्हटल्यावर मालक काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. “वैजापुरात येऊन कांदा नको?” असे म्हणून त्यांनी वरणात तूप जास्त सोडले.

गावाचे नाव मी सांगणार नाही, माणसांची नावेही बदलली आहेत. पाहणीत तसा दंडक आहे. तेथील एका घराने शलाकाच्या तुकडीला बेजार केले होते. घरात पंचविशीची सून, तिचे दोन वर्षांचे मूल, आणि सासू गयाबाई. मुलाची वजन-उंची मोजून झाली होती, पण सुनेची मुलाखत नाही. गयाबाई उंबऱ्यात बसायच्या त्या बसायच्याच. पहिली खेप फुकट गेली होती. तीन खेपांपलीकडे जाता येत नाही, आणि तुकडी परवा दुसऱ्या तालुक्यात जाणार. “त्या सुनेला काहीतरी बोलायचं आहे,” शलाका मला म्हणाली. “मागच्या वेळी निरोप घेताना तिनं विचारलं, परत याल ना? असं सहसा कुणी विचारत नाही.”

मी म्हटले, गयाबाई माझ्याकडे सोपव.

ओसरीवर बैठक मारून मी त्यांना आवडीची कथा विचारली आणि सावत्र आईच्या बोलण्याने रुसून अरण्यात निघालेल्या लहानग्या राजपुत्राचे आख्यान सुरू केले. वर्णन रंगू लागले. गयाबाईंचे डोळे पाणावले. मी मनात म्हटले, आता आत भूकंप झाला तरी या हलणार नाहीत. त्या हलल्या नाहीत हे खरे, परंतु त्यांनी मान वळवून घरात हाक मारली, “अगं ए, ठेव ते मोबाइलचं काम. बाहेर ये. बाई कथा सांगायलेत, असं पुन्ना ऐकायला मिळायचं नाय.”

सून बाहेर आली. मागोमाग शेजारच्या दोघी आल्या, मग त्यांच्या जावा आल्या, कुणीतरी सतरंजी आणली. शलाका टॅब छातीशी धरून दारात उभी. तिच्याकडे पाहून मी आख्यान आवरते घेऊ लागले, तर मागून आवाज आला, “असं अर्ध्यात नसतं सोडायचं, पाप लागतं.” राजपुत्राला देव भेटेपर्यंत दिवेलागण झाली. आरती झाली. माझ्या ओटीत तांदूळ आणि नारळ पडले. मुलाखत मात्र झाली नाही.

गाडीत शलाकाने टॅब पिशवीत कोंबला. रशीदभाई म्हणाले, “माँजी, कथा तो अव्वल थी. मैं भी खिडकी खोल के सुना.”

“तुम्ही आणखी बोलू नका,” शलाका म्हणाली. मग मला, “उद्या शेवटची खेप, मावशी. तू गाडीतच थांब.”

तिचे बरोबर होते. वैजापुरातल्या लॉजवर (स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच) मी जपाला बसले, पण मन त्या सुनेकडे जात होते. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, हे मी आयुष्यभर सांगत आले आहे. सांगत, हा शब्द येथे लक्षात घ्यावा.

तिसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो, तर गयाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. मी ठरल्याप्रमाणे गाडीत. अंगण लहान, त्यामुळे बोलणे आपोआप कानी येत होते. शलाकाने आर्जवाने सांगितले की सुनेशी थोडा वेळ एकटीने बोलायचे आहे.

“बोला की. म्या काय तोंड धरलंय?”

“आजी, तुम्ही ऐकू येणार नाही इतक्या लांब बसलात तर...”

“माझ्या घरात म्या लांब बसू? आन् तिलाच काहून इचारायचं सारखं? तीन डाव आल्या. तिला काय खाती, तिला किती लेकरं, तिला कुठं दुखतं. मला एकदा तरी इचारलं का?”

शलाकाने समजावले, “ही मुलाखत एकोणपन्नास वर्षांपर्यंतच्याच बायकांची असते, आजी.”

गयाबाईंनी शेंग खाली ठेवली. “म्हंजी पन्नाशीच्या पुढं बाई मेली धरायची व्हय?”

 मी गाडीचे दार उघडून उतरले. शलाकाने डोळे मोठे केले. ते मी पाहिले नाही असे केले.

“गयाबाई,” मी म्हटले, “मी विचारू का तुम्हाला?”

“तुम्ही कथा सांगता नं.”

“आज नाही सांगत. विचारते. तुम्हाला किती लेकरं झाली?”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. मग आत सुनेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “लिवून घेणार?”

“नाही. माझ्याकडे टॅब नाही, चष्माही गाडीत आहे.”

त्या उठल्या. सूप काखेत घेतले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “मग इथं नको. सुनंच्या पुढं नाय सांगायची म्या. तिकडं गोठ्यामागं चला.”

अशा रीतीने जे घर तीन खेपांत रिकामे होत नव्हते, ते गयाबाईंनी स्वतःच्या पायांनी रिकामे केले. मागे दार लोटल्याचा आवाज आला.

गोठ्यामागे उन्हात आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो. माझ्या तोंडाशी दृष्टान्त येत होते, ते मी तुरीच्या दाण्यांबरोबर सुपात टाकत राहिले. त्यांनी सांगितले, पोटात मूल होते तेव्हा डोक्यावरून पाणी कुठून आणायच्या. कुणी जेव म्हणायचे आणि कुणी नाही. मधूनच हसायच्या. “सासू माझी तर भाकरी मोजायची. म्या सुनंची मोजत नाय, विचारा तिला,” आणि क्षणभराने, “नायतर नगा विचारू.”

मग त्यांनी एका मुलीबद्दल सांगितले. बाराव्या दिवसाच्या आतच ती गेली. बारसे झाले नाही, म्हणून तिला नाव नव्हते. घरात कधी विषय निघालाच तर नुसती “ती” म्हणत. “पण म्या नाव ठरिवलं व्हतं,” गयाबाई म्हणाल्या. “कुणालाच सांगितलं नाय. कुणी इचारलं नाय.”

“काय ठरवलं होतं?”

आसपास एका वासराखेरीज कुणी नव्हते. तरीही त्या सरकल्या, माझ्या कानाशी ओठ आणले आणि नाव सांगितले. मग उरलेल्या शेंगा ओढून घेतल्या. “तुम्हाला सोलता येत नाय. निम्मं दाणं टरफलात जायलेत.”

बऱ्याच वेळाने शलाका गोठ्याच्या कोपऱ्यावर दिसली. तिने टॅब मिटला होता आणि चेहरा शांत होता. निघताना सून दारात उभी होती. गयाबाईंनी तिच्याकडे पाहिले, काही विचारले नाही, फक्त म्हणाल्या, “बाईंना तूर बांधून दे.”

परतीला लासूरला थांबून पेढे घेतले. संध्याकाळी घरी, जेवताना, शलाकाने विचारले, “मावशी, गोठ्यामागे एवढं काय बोलत होतात?”

“तुला आत त्या मुलीने काय सांगितले?”

“ते नाही सांगता येत.”

“मग हेही नाही.”

तिने माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि आमटी वाढून घेतली.

सभागृह आता पिस्त्याच्या रंगाचे झाले आहे आणि वाचन पुन्हा सुरू आहे. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर पौषात जा, शाल न्या, कांद्याच्या ट्रॅक्टरांवर चिडू नका. आलेली तूर आम्ही वरणात संपवली. त्या सुनेचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसावे हेच योग्य. त्या लेकीचे नाव मात्र मला ठाऊक आहे. फार गोड नाव आहे. ते मी येथे लिहीत नाही, कारण मला ते बारशाला सांगतात तसे कानात सांगितलेले आहे.